त्या दिवशीचे आमेन

प्रार्थनामंदिरात डाव्या हाताला, खिडकीखाली जी पायपेटी उभी आहे ना मित्रांनो, ती मी. पायाने भाता मारला की माझ्यात हवा भरते आणि पट्टी दाबली की मी गाते. भाता न मारता दाबलीत तर नुसते टक्‌ होते. पाळकसाहेबांची पाठ वळताच तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे करून पाहिले आहे, मला सगळे ठाऊक आहे.

माझ्या आतले पितळी सूर परगावाहून आले, पण अंग घडवले ते आपल्या सुतारकाकांनी. मला वाजवायचे काम त्यांच्या बायकोकडे आले. त्यांना तुम्ही पेटीबाई म्हणता. लग्न असो की मयत, आम्ही दोघी हजर. "पेटीला काय गळा आहे!" असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. फुगणे हा माझा धंदाच आहे म्हणा.

पुढे सुतारकाकांची नजर अधू होत गेली. रंधा मारता मारता ते बोटे सोलून घेऊ लागले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून पाहू, पण खात्री देत नाही.

आपल्या मंडळीत प्रार्थना ऐकली गेली की उपासनेत उभे राहून साक्ष देतात. पेटीबाईंनी ती आधीच दिली. ऑपरेशनला जायच्या अगोदरच्या रविवारी त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देव यांना दृष्टी देणार. हे बरे होऊन इथं उभे राहतील आणि शास्त्रवाचन करतील. मी आजच त्याचे आभार मानते."

सगळी मंडळी एका आवाजात 'आमेन' म्हणाली. मग बाईंनी असा भाता मारला की माझ्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरल्या. सगळ्यांत मोठे आमेन माझेच होते.

ऑपरेशन झाले. दृष्टी आली नाही. होती नव्हती तीही गेली.

त्यानंतर पेटीबाई आल्याच नाहीत. देव खोटा ठरला की आपण, हा प्रश्न घेऊन चारचौघांत कसे जायचे, या शरमेने त्यांनी दार लावून घेतले. आणि मंडळी? "उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल," असे म्हणत कोणी त्यांच्याकडे फिरकलेच नाही. लोक माझ्याविनाच गाऊ लागले. माझ्या पाठीवर जुनी गीतपुस्तके चढली, उंदराने भात्याचे चामडे कुरतडले. उंदराचा मला राग आला नाही. ज्या गळ्याने एका बाईला तोंडघशी पाडले, तो बंद झालेलाच बरा, असे वाटे. मला माझीच लाज वाटत होती.

मग एका रविवारी दारात काठी वाजली. सुतारकाका होते. मागे पेटीबाई, पदर तोंडावर ओढून.

"अहो, परत चला ना. लोक बघतायत."

"अगं, आंधळा मी झालो आणि लोक तुला दिसतायत! चल."

काका चाचपडत पुढे आले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, माझं वाचन राहिलंय."

काकांच्या हातात पुस्तक नव्हते. बंद दाराआड बाई त्यांना रोज वाचून दाखवत, ते ऐकून ऐकून एक अख्खे स्तोत्र त्यांना पाठ झाले होते. ते म्हणू लागले. मध्येच अडखळले. पुढचे आठवेना. तेव्हा मागच्या बाकावरून बाईंचा कापरा आवाज आला. त्यांनी ओळ सांगितली, काकांनी उचलली. असे करत दोघांनी मिळून स्तोत्र पुरे केले.

"देवानं डोळे दिले नाहीत," काका म्हणाले, "पण त्या अंधारात मला एकटं सोडलं नाही. माझी सुटका ती हीच."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती. ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी आमेन आम्ही सगळेच म्हणालो होतो. लाज मात्र तुमच्या एकट्यांच्या वाट्याला टाकली. चुकलं आमचं."

दुसऱ्याच दिवशी काकांनी हाताने चाचपून माझ्या भात्याला नवे चामडे लावले. माझी एक पट्टी मुकी राहिली आहे. असो.

परवा बाई मला वाजवत असताना शेजारची एक आई आली. तिची मुलगी इस्पितळात होती. "बाई, होईल ना हो ती बरी?" तिने विचारले. पेटीबाईंनी मला बंद केले आणि चपला पायांत सरकवल्या.

"ते देवाला माहीत. त्याच्यावर माझा भरवसा आहे, आणि मी तुझ्याबरोबर येते. चल."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, पट्ट्या आपटू नका, एवढे मागणे आहेच. पण एक आणखी. रविवारी आमेन म्हणणे सोपे असते, मी लाकूड असून म्हणते. सोमवारी कोणाच्या दारात जायचे तर पाय लागतात. ते मला नाहीत. तुम्हाला आहेत.