पार्बताबाईची बाटली

मित्रांनो, वलगावच्या एका दवाखान्याच्या मांगच्या ओसरीत एक लोखंडी खांब उभा आहे. त्याच्यावर आता ओले टॉवेल वाळत घालतात. तो मी. सलाईनची बाटली टांगाचा जुना स्टँड आहो. गंज चढला, पण ध्यानात सगळं आहे.

मी पयले हापशीचा पाईप होतो. हापशी आटली तं मले उपटून भंगारात फेकलं. अकोल्याच्या जहीर वेल्डरनं मले उचललं, डोक्यावर दोन आकडे जोडले अन् बुडाले मोटरसायकलची रिम लावून तिच्यात सिमेंट भरलं. मंग पाठीवर थाप मारून म्हणे, "जा बेटा, अब लोगों के काम आ."

अन् आलो बरं कामाले. जानराव डॉक्टरच्या दवाखान्यात पयल्याच वर्षी हगवणीची साथ आली. तीन वर्षांची एक पोट्टी आणली, रागिणी नावाची. डोळे खोल गेलेले, रडाले आसू नाई. बाटली चढली अन् सांजच्याले ती बिस्कुट मांगाले लागली. तिच्या मायनं मले हळदीकुंकू लावलं. लोखंड लाजत असन तं मी त्या दिवशी लाजलो.

पण तवापासून गावाले वाटे, सलाईन म्हणजे ताकद. कापूस वेचणं संपलं का बाया ऑटो भरून येत. "डॉक्टर, पिवळी लावा, पांढरी नोको." इंजेक्शन टाकलं का पाणी पिवळं होते, एवढीच त्याची करामत. डॉक्टर सांगे, "बाई, घरी जाऊन लिंबू-साखरेचं पाणी पे, मीठ टाकून." बाया हासत. "लिंबूपाण्यानं ताकद येते होय? तुमी कंजूसी करून रायले." सांगून सांगून डॉक्टर थकला. मंग लावाले लागला. कोणाले काही झालं नाई, म्हणून ते चालून गेलं.

मंग एका सकाळी सूर्यभान आपल्या मायले घेऊन आला. पार्बताबाई. हातात नव्या हिरव्या बांगड्या, अंगावर ठेवणीतलं लुगडं. नातीचं, पिंकीचं, साक्षगंध, म्हंजे साखरपुडा, होतं अकोल्याले, त्याच दिवशी. बुढी दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढून धापा टाकत होती.

"एक पिवळी लावून द्या, डॉक्टर," सूर्यभान म्हणे. "दिवसभर बसाले ताकद पाहिजे तिले."

डॉक्टरनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला अन् तसाच रायला. पाठीले नळी लावून डॉक्टर लय वेळ आयकत होता.

"बाई, झोपताना उशा किती घेता?"

"तीन घेतो, बापा. आडवी झाली का दम कोंडते."

डॉक्टरनं नळी गळ्यात टाकली. "सूर्यभान, हिचं काळीज थकलं. अंगात पाणी जास्तीचं झालं. वरून अजून चढवलं तं छातीत भरन. अमरावतीले मोठ्या दवाखान्यात ने, आत्ताच."

"अन् साक्षगंध?"

"माय मोठी का साक्षगंध?"

"तिलेच विचारा."

बुढी म्हणे, "डॉक्टर, पिंकीले म्या अंगाखांद्यावर वाढवलं. मले तिथं बसू द्या. उद्या नेजा कुठं न्याचं तं."

डॉक्टर नाई म्हणे. सूर्यभान उठला. "गावाले लावता, आमच्याच बुढीले काहून नाई? चाल माय, चौकातला डॉक्टर लावते. तो इतके प्रश्न नाई विचारत."

आता आयका मित्रांनो, चूक इथं झाली. डॉक्टरले वाटलं, चौकातला पुरी बाटली धो धो सोडन. त्यापेक्षा आपल्या हातानं थोडी, हळू गेलेली बरी. तो सूर्यभानकडे पाहत नव्हता, माह्याकडे पाहत होता. म्हणे, "अर्धीच. अन् थेंब थेंब. आशाबाई, लावा."

आशाबाई नर्सनं बाटलीच्या नळीवरचं चाक घट्ट केलं, थेंब मोजले अन् बाजूच्या खोलीत ड्रेसिंगले गेली. डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी होता.

सूर्यभाननं घड्याळ पाह्यलं. अकोल्याची गाडी चुकत होती. त्यानं इकडं तिकडं पाह्यलं अन् चाक सैल केलं. गावातले सगळेच करत ते. बाटली लवकर संपली का लवकर घरी.

माह्या आकड्यावर बाटली हलकी होत गेली. मले कळत होतं. लोखंडाले तोंड नाई.

पयले खोकला आला. मंग बुढी उठून बसाले धडपडली. "सूर्या, दम..." तोंडाले फेस, गुलाबीसर. आशाबाई धावत आली, चाक बंद केलं. डॉक्टरनं बुढीले पाठीशी धरून बसवलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन देल्लं, गाडी बोलावली. अमरावती काही लांब नाई. पण पार्बताबाई पोचली नाई.

तिसऱ्या दिवशी सूर्यभान आला. बेंचावर बसला. म्हणे, "डॉक्टर, पाणीच तं होतं ना?"

डॉक्टर त्याच्या बाजूले जाऊन बसला.

"म्या चाक सोडलं," सूर्यभान म्हणे.

"चाकावर हात तुहा होता. पण बाटली म्या लावली. मले माहीत होतं अन् तरी लावली. तुले माहीत नव्हतं. कोणी विचारलं तं हेच सांगजो. मीही हेच सांगीन."

त्या दिवशी डॉक्टरनं स्वतः मले ओसरीत आणून ठेवलं. गरजूंसाठी आता नवा स्टँड आहे, अन् ज्याले गरज नाई त्याले डॉक्टर तोंडावर नाई म्हणते. लोक रागानं चौकात जातात. बेंच अर्धा रिकामा रायते.

मित्रांनो, तुमच्या घरची म्हातारी थकली तं बाटलीसाठी भांडू नोका. डॉक्टर नाई म्हणाला तं त्याले विचारा, काहून नाई. अन् तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर झालंच, तं दारातल्या माणसाचा राग अंगावर घेजा. शिव्या देईन, उठून जाईन, गावभर बदनामी करन. करू द्या. राग चार दिवसांत उतरते. पिंकीच्या लग्नात पयल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, ते सूर्यभान अजून सांगते.