काखेतला गोळा आणि एक लिंबू

भडगावला गिरणा नदीच्या काठी झुलालबाबाच्या ओट्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा म्हणे चाकू न लावता अंगातली गाठ उपटून काढतो! चार बायांनी साडी धरून आडोसा केला होता. आडोसा लोकांसाठी, बाबाचा हात मात्र खुशाल आत, पुनमच्या काखेत.

पुनम शाळेत विज्ञान शिकवायची. बाळंतपणानंतर दूध उतरलं आणि तिच्या उजव्या काखेत आवळ्याएवढा गोळा आला. बाबानं पाहताक्षणी निकाल दिला, दूध वाट चुकलं, नजरेनं नासलं. झालं! तान्ह्या पोरीला आईचं दूध बंद आणि वाटी-चमच्यानं पाणी घातलेलं दूध सुरू. पोर सुकत चालली. पुनम घरात भांडून दमली. सासू सुंदरबाई ऐकेना आणि नवरा स्वप्नील "एकदा बाबाकडून काढून तर बघू" म्हणून मोकळा. न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकताना पुनमला बाहेरून पोरीचं रडणं ऐकू यायचं. शेवटी "गाठ निघाली की पाज" असं कबूल करून घेऊन ती इथं आली होती.

बाबानं काखेत हळद चोळली, वर केळीचं ओलं पान दाबलं आणि पुटपुटत तळहात घासला. लालभडक रक्त ओघळलं. पान ओढलं तर त्यात तंतू लोंबणारा लिबलिबीत गोळा!

"दखा! मुयासंगे निंघना!" गोळा मुळासकट निघाल्याचं दाखवत बाबा गरजला. "आते सव्वा महिना पोरले मायनं दूध पाजू नका. इख शे इख!"

"सव्वा महिना?" पुनम ताडकन उठून बसली. "गाठ निघाली ना? मग दूध अजून विष कसं?"

"बाबासंगे तोंड लावू नको वं," सुंदरबाईंनी दटावलं.

तेवढ्यात सासूच्या मांडीवर पोर रडली आणि पुनमची काख पूर्वीसारखीच तटतटली. गोळा जागच्या जागी होता. तिच्या मस्तकात तिडीक गेली, बाबापेक्षा स्वतःचीच जास्त. दरवर्षी मुलांना हळद-चुन्याचा प्रयोग करून दाखवणारी ती, आज त्याच हळदीपुढं हात वर करून बसली होती.

पदर सावरून तिनं आडोसा बाजूला सारला, पूजेच्या ताटातलं लिंबू दातानं फोडलं आणि पानावरच्या त्या रक्तावर पिळलं. लाल रंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा पडला.

"रक्त कधी लिंबानं पिवळं होतं का? बाबाचा तळहात बघा, चुना आहे! हळदीला चुना लागला की लाल होते. आणि बन्सीलाल नाना, तुमचा जन्म केळीत गेला. हा गोळा हातात तर घ्या!"

गर्दीतून पुढं येऊन नानांनी तो बोटांत चुरगळला. "माय वं! हाऊ ते केयना गाभा शे!"

निम्मा जमाव केळीच्या वावरात राबणारा. तरी एकालाही गाभा ओळखू आला नाही, कारण सगळ्यांचे हात जोडलेले होते. एवढ्यावरही कोणीतरी म्हणालंच, "निंबू पिळं म्हनीसन बाबानी इद्या गयी." बाबा तोवर मागच्या दारानं पसार झाला होता. पुनमनं तिथंच पोर पदराखाली घेतली.

जळगावच्या डॉ. संघमित्रांनी काख तपासली. "हा स्तनाचाच भाग आहे. पोटातल्या बाळाला काखेपासून जांघेपर्यंत दुधाची एक रेघ असते. पुढं ती विरते, काहींच्या काखेत थोडी उरते. दूध आलं की तीही फुगते. बाळाला बिनधास्त पाजा. सूज आपोआप उतरेल. पुढं त्रास राहिला तर दूध तुटल्यावर काढून टाकू."

सूज आपोआप उतरते! झुलालबाबाच्या हातून 'बऱ्या झालेल्या' बाळंतिणी कशा बऱ्या झाल्या, ते पुनमला तेव्हा कळलं.

पोर चालू लागली, दूध तुटलं. सूज उतरली, तरी उरलेली गाठ घासायची, ठणकायची. म्हणून शस्त्रक्रिया झाली. काढलेला तुकडा बरणीत घालून डॉक्टर बाहेर आल्या, तर सुंदरबाईंनी कनवटीतून लिंबू काढलं.

"डाक्टरबाई, रागे नका भरू. थोडं टाकी दखू का?"

स्वप्नील लाजेनं मेला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "लिंबानं तपासणी बिघडेल, अक्का. हे प्रयोगशाळेत जाईल. अहवाल आला की मी वाचून दाखवते, हवं ते विचारा. पण विचारलंत हे फार चांगलं केलंत."

खाटेवर पडल्यापडल्या स्वप्नीलकडून हे ऐकून पुनमला हसू आलं, पण टाके ओढले. पाठोपाठ रागही आला. हेच लिंबू सासूनं बाबाच्या पहिल्याच निकालावर पिळलं असतं, तर पोर उपाशी राहिली नसती. चमत्कार दाखवणाऱ्याला आधी त्याचे हात उघडायला सांगा. आपले जोडायचे की नाही, ते मग ठरवा.