सदाशिवरावांच्या नळावरचा टिल्लू

मी एक जुना टिल्लू पंप आहे. मित्रांनो, झाले गेले विसरून जावे, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मी काही शाळेत गेलेलो नाही. मी डूख धरतो.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, वरून निळा रंग दिला, की झालो मी तयार. दिसायला नारळाएवढा, पण ओढायला दांडगा! हिंगणघाटच्या बाजारातून किराणावाले सदाशिवराव मला पिशवीत लपवून घरी घेऊन आले. लपवून आणले, कारण नळाला पंप लावायची मनाई असते. पाणी साऱ्या गल्लीचे, आणि मी ते एकाच घराच्या टाकीत ओढतो.

सुरुवातीला काय माझे कौतुक! नळाला पाणी आले की सदाशिवराव बटण दाबायचे आणि धार बघून खूश व्हायचे. "पहा, कसा ओढून राह्यला! वाघ आहे वाघ!" मीही फुशारून जायचो. गल्लीच्या टोकाला मंदाबाईंचे घर होते. त्यांचा नळ नुसता फुसफुसायचा. एकदा त्या पाण्याची रिकामी गुंडी घेऊन दारात आल्या.

"काऊन जी भाऊजी, तुमची टाकी भरते अन् माह्या नळाले थेंब नाई?"

"तुह्यं घर टोकाले आहे ना बाई. पाणी तिथवर पोचतच नाई, मी काय करू?"

मी शेजारीच घरघरत होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिले, सदाशिवरावांकडे पाहिले आणि त्या निघून गेल्या.

मग एके दिवशी पालिकेचे लोक तपासणीला आले. सदाशिवरावांनी मला उपटले आणि ज्वारीच्या पिंपात कोंबले. वरून ज्वारी ओतली. नाकातोंडात दाणे गेले हो माझ्या! आणि बाहेर हा माणूस हात जोडून म्हणतो, "आपल्या घरी टिल्लू? राम राम! ते चोराचं काम आहे साहेब."

चोर! पाणी पिणार हा, अंघोळी करणार हा, आणि चोर मी? त्या पिंपातच मी ठरवले, बेट्या, याचे उट्टे काढल्याशिवाय राहणार नाही.

साहेबांची पाठ वळताच मला पुन्हा नळाला जोडले. सदाशिवरावांच्या घरी येणारा प्लास्टिकचा पाइप समोरच्या नालीतून टाकलेला होता. तो त्यांनीच स्वस्तात टाकून घेतला होता आणि त्याचा जोड केव्हाच तडकला होता. नळाला जोर असला की त्या फटीतून पाणी बाहेर गळायचे. पण मी ओढू लागलो की उलटे व्हायचे, नालीतलेच पाणी आत शिरायचे. समोर आले ते ओढायचे, एवढेच मला येते.

आणि सदाशिवरावांची नात रक्षा आजारी पडली. पोरगी सात वर्षांची. पोट फुगायचे, पातळ जुलाब व्हायचे, खाल्लेले अंगी लागेना. औषधाने बरी व्हायची आणि पुन्हा पडायची. तिच्या हाताची पार काडी झाली. मित्रांनो, माझे वैर म्हाताऱ्याशी होते आणि भोगत होती ही पोर. माझा राग दुप्पट झाला.

तिची आई आंचल तिला दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत जियार्डिया निघाला. हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. घाण मिसळलेल्या पाण्यातून तो पोटात जातो आणि आतड्यात ठाण मांडतो. डॉक्टरांनी विचारले, "पाइप नालीतून येतो का? पंप लावता का?"

आंचलने घरी येऊन सासऱ्यांना सारे सांगितले. "मामाजी, टिल्लू काढून टाका. पाइप बदलवा."

"डॉक्टरले पायपातलं काय समजते? पालिकाच घाण पाणी सोडून राह्यली. बोलावतोच मी त्याईले!"

आणि खरेच बोलावले. नळाच्या वेळी अंगणात पालिकेचे साहेब आले, गल्ली जमली, मंदाबाईही आल्या. सदाशिवराव तावातावाने बोलत होते. मला लपवायचे काम त्यांनी सुनेवर सोपवले होते. "टिल्लू पिंपात टाकजो," असे सकाळीच बजावले होते.

आंचलने मला हातही लावला नव्हता. ती सगळ्यांसमोर आली आणि तिने माझे बटण दाबले.

मी असा काही गर्जलो! ज्वारीच्या एकेका दाण्याचा सूड घेत गर्जलो. आंचलने माझ्या धारेखाली पेला धरला. पाणी गढूळ होते, वास अंगणभर सुटला. तिने तो पेला सासऱ्यांपुढे केला.

"मामाजी, रक्षा रोज हेच पेते. तुम्ही एक घोट घ्या."

"आंचल, लोकं पाहून राह्यले..."

"पाहू द्या. घ्या ना जी."

सदाशिवरावांनी पेला हातात घेतला. तोंडापर्यंत नेला. आणि तसाच खाली आणला. आहाहा! काय आनंद झाला मला, काय सांगू!

मग तिने मला बंद केले. इतक्यात गल्लीच्या टोकाकडून मंदाबाईंची सून ओरडली, "आत्याबाई, या वं लवकर! आपल्या नळाले पाणी आलं! हे मोठी धार!"

सारी गल्ली वळून सदाशिवरावांकडे बघू लागली. किराण्याच्या गादीवर ताठ बसणारा तो माणूस मान वर करीना. माझे उट्टे निघाले.

साहेबांनी मला जप्त केले. पाइप बदलला, पाणी उकळून पिणे सुरू झाले आणि रक्षा हळूहळू अंग धरू लागली, असे कानावर आले. मी आता जप्तीच्या मालात पडलो आहे. माझ्यासारखे इथे ढिगाने आहेत, पण गावात अजून कितीतरी लपलेले आहेत.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेलात की नळापाशी बघा. तिथे माझा भाऊबंद बसलेला दिसला, तर मोठ्यांच्या मागे लागा, रडा, रुसा, पण त्याला काढायला लावा. आम्हाला दयामाया नाही. बटण दाबले की आम्ही ओढतो, आणि पेल्यात काय आले ते ज्याला प्यायचे त्याने बघावे.