एका प्रकल्पाचे चार नेते

सर, मला खोटारडा तुम्ही केलंत. मुलांना नोकऱ्या मिळवून देणारा कॉलेजातला विभाग तुमच्या हातात आहे, म्हणून आजवर कुणी तोंड उघडलं नाही. मी उघडतो.

मित्रांनो, मी एक जुना रेझ्युमे आहे. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझा जन्म झाला. माझी मालकीण तेव्हा पहिल्या वर्षाला होती आणि मी जेमतेम अर्ध्या पानाचा होतो. नाव, पत्ता, शाळेचे मार्क आणि खाली एक ओळ : ‘काकांच्या लॉन्ड्रीत काउंटर सांभाळते. कपडा हरवला की गिऱ्हाईकाशी मीच बोलते.’

शेजारी बसलेला तिचा दादा म्हणाला, “बोलत नाहीस गं, गुंडाळतेस तू त्यांना.”

“मग तसंच लिहू?”

“नको. काका वाचतील.”

अंगावर फारसं काही नव्हतं, पण जे होतं ते माझं होतं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला भर वर्गात मोठ्याने वाचलंत. “लॉन्ड्री? कंपनीवाले काय धुणं टाकायला येणारेत?” वर्ग खिदळला. त्याच संध्याकाळी तिने ती ओळ पुसली.

मग मला फुगवणं सुरू झालं. एका भाषणाला ती मागच्या बाकावर पेंगत बसली, त्याचं ‘प्रशिक्षण’ झालं. कार्यक्रमात खुर्च्या मांडल्या, त्याचं ‘व्यवस्थापन’. तिसऱ्या वर्षी तिच्यासह चौघांनी मिळून ग्रंथालयासाठी एक कॉम्प्युटर प्रोग्राम केला. खरं तर तिने केला. दोघांनी टायपिंग केलं आणि एकजण चहा आणायचा. तुम्ही सगळ्यांना वाटलेल्या रेझ्युमेच्या नमुन्यात ओळ तयारच होती : ‘प्रकल्पाचे नेतृत्व केले.’

“सर, नेतृत्व असं कुणीच नाही केलं.”

“सगळेच लिहितात. नाही लिहिलंस तर तूच मागे राहशील. नमुना घे, नाव बदल, विषय संपला.”

विषय कसला संपतोय.

शेवटचं वर्ष आलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी काका तिच्या शर्टाला इस्त्री करत होते. तिचे वडील गेल्यापासून घर त्यांनीच ओढलं. आता गुडघे उभं राहू देत नव्हते. तिला नोकरी लागली की दुकान बंद करायचं ठरलं होतं. चष्मा लावून त्यांनी मला वाचलं. उलटवून मागची कोरी बाजूही पाहिली.

“आपलं दुकान कुठंय गं यात?”

“सरांनी काढायला सांगितलं, काका.”

“बरं केलंस. उगाच कागदाला वाफ लागली असती.”

हसले, आणि कडक झालेली कॉलर पुन्हा दाबत बसले. मित्रांनो, माणूस निदान मान फिरवतो. मला तेवढीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातच मुलाखत घ्यायला आलेल्या कंपनीच्या बाईंनी त्या चौघांना एकदम आत बोलावलं आणि आम्हा चार कागदांना टेबलावर शेजारी शेजारी मांडलं.

“प्रकल्प एक, नेते चार. मग काम कोण करत होतं?”

चहा आणणाराही नेताच होता.

बाई माझ्या मालकिणीकडे वळल्या. “बरं, या तिघांच्या कागदावर नाही असं स्वतःबद्दल एक काहीतरी सांग.”

तिने तोंड उघडलं. लॉन्ड्री अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात तिची नजर दाराच्या काचेकडे गेली. पलीकडे तुम्ही उभे होतात.

“मी मेहनती आहे, मॅडम.”

बाईंनी चारही कागदांवरून बोट फिरवलं. तोच शब्द, त्याच जागी.

नोकरी हुकली. काका अजून इस्त्रीपाशी उभे आहेत.

मित्रांनो, माझ्या भावंडांना जपा. अर्ध्या पानाचे ठेवलेत तरी चालेल, पण दुसऱ्याचे कपडे चढवून चारचौघांत पाठवू नका. फार लाज वाटते.

आणि सर, त्या संध्याकाळी तुम्ही स्टाफरूममध्ये म्हणालात, “हल्लीच्या पोरांना स्वतःबद्दल दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत.” भांडायला आलेल्या गिऱ्हाईकाला हसवून घरी पाठवणारी पोर होती ती. तिची बोलती कुणी बंद केली? पुढच्या वर्गाला तो नमुना वाटण्याआधी उत्तर द्या.