शिमोनीच्या खाऱ्या टाकीतला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे, जेमतेम मुठीत मावणारा. पण मागच्या मंगळवारी जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

माझी घडण गोड्या पाण्यासाठी झाली. मोंबासातल्या एका बागेच्या कारंज्यात मी सहा वर्षं पाणी उडवलं. कारंजं बंद झालं, तेव्हा म्वानाकोंबोताईंनी मला समुद्रकाठच्या शिमोनी गावात आणलं. जाळ्यात अडकून जखमी झालेले समुद्रघोडे ताई एका काचेच्या टाकीत ठेवतात आणि बरे झाले की समुद्रात सोडतात. टाकीतलं पाणी खेळतं ठेवणं हे माझं काम. मुलं काचेला नाक लावून माझे बुडबुडे बघायची, तेव्हा मला काय ऐट वाटायची!

पण पाणी समुद्राचं. काचेला, प्लास्टिकला त्याने काही केलं नाही. माझे लोखंडी स्क्रू मात्र गंजले, पोलादी दांडा खड्ड्याखड्ड्यांचा झाला. मी कुरकुरू लागलो. कुणी लक्ष दिलं नाही.

त्या सकाळी एका समुद्रघोड्याचं पोट टम्म फुगलं होतं. हो, त्यांच्यात पिल्लं बाबाच्या पोटातून येतात! आणि नेमका तेव्हाच मी अडकून बंद पडलो.

ताईंनी आधी वीज तोडली. मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्या मगाने पाणी उंचावरून ओतू लागल्या. शेजारी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे म्बवरालीमामा नारळाच्या रसातली तूर ताटात तशीच ठेवून धावत आले.

"मामा, हा पंपच नालायक निघाला," ताई म्हणाल्या.

"त्याला कशाला नावं ठेवतेस? कारंज्यातला जीव समुद्रात बुडवलास. वर्षभरात एकदा तरी गोड्या पाण्याने धुतलास का?"

"नाही धुतला. चुकलंच माझं."

"मग आता हात थांबवू नकोस. बाळंत व्हायच्या आधीच तो बाप गुदमरेल."

मामांनी मला उघडलं. एक स्क्रू त्यांच्या बोटांत चुरला. साचलेला खारट थर त्यांनी लिंबू चोळून काढला. समुद्राच्या पाण्यासाठीच बनवलेल्या एका मोडक्या पंपातला चिनी मातीचा दांडा त्यांच्याकडे होता. तो घासून माझ्यात बसवला आणि स्क्रूंऐवजी झाकण मासेमारीच्या नायलॉन दोरीने आवळलं. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून माझ्या तोंडाला मलमल बांधली.

"हात तुटायला आले, मामा," पाणी ओतता ओतता ताई म्हणाल्या.

"तरी थांबली नाहीस! एवढी ताकद आहे तुझ्यात? उद्यापासून होडी वल्हवायला ये."

ताईंनी वीज पुन्हा जोडली. मी गुरगुरलो, अडखळलो आणि गरकन फिरलो! दुपारी त्या बाबाने पोट आवळलं, आणि तांदळाएवढी पिल्लं भराभर बाहेर आली. ताई मोजता मोजता रडायलाच लागल्या.

आता दर शुक्रवारी मला गोड्या पाण्याची आंघोळ मिळणार आहे. मित्रांनो, तुमच्या पंपालाही तेवढी मिळू द्या, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड कधी घालू नका. निघतो आता, शंभरावर बाळं श्वासासाठी माझ्याकडे बघताहेत.