तांडेल होडी पुढे नेत नाही

बाराव्या खेपेलाही पडद्यावरची होडी जागची हलली नाही, तेव्हा शकूचं डोकं फिरलं. दोन रिक्षा बदलून, नवऱ्याला हाताला धरून मीरा रोडच्या दवाखान्यात आणायचं, वर मुर्धा गावातल्या लोकांची थट्टा ऐकायची. ‘तांडेलाच्या डोक्याला वायरी लावतात म्हणे, आता बल्ब पेटेल!’ मेल्यांना हसायला काय जातंय? पाण्यानं गिळलेलं पोर त्यांचं नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी विकी बापाच्याच होडीवरून पडला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून तिचा नवरा गोपीनाथ, होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा प्रमुख, भिंतीकडे बघत बसायचा, मध्येच दचकून घामाघूम व्हायचा. गोळ्या चालू होत्या. त्यांच्या जोडीला डॉक्टरांनी हे न्यूरोफीडबॅक सांगितलं. डोक्याला पांढरी पेस्ट लावून तारा चिकटवायच्या. मन निवलं की पडद्यावरची होडी पुढे जाते, बिथरलं की थांबते. शॉक वगैरे काही नाही. मेंदूला त्याचंच वागणं दाखवायचं, म्हणजे तो हळूहळू शिकतो. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, हेही डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. निदान थापा तरी मारल्या नाहीत.

“काकी, एक बोलू?” मशीन सांभाळणारी हिना हळूच म्हणाली. “काकांची होडी सुटते. दोन सेकंद छान जाते. मग ते दात आवळतात. खुद रोकते हैं.”

शकू तडक त्याच्यासमोर उभी राहिली. “अवो, मुद्दाम करताय? जन्मभर तुमचा हात धरून फिरू काय मी?”

गोपीनाथची नजर पडद्यावरच होती. “माणूस पाण्यात पडला तर तांडेल होडी पुढं नेत न्हाय, शकू. तिथंच गोल घालायचा.”

“ही खोटी होडी हाय!”

“म्हाईत हाय मला. त्या दिवशी वारा चढला. होडीवर सहा जण, समद्यांची पोरं घरी. तीन तास गोल घातला. मग मीच बोललो, चला. आता जरा बरं वाटाया लागलं की ही पुढं जाते. विकी मागं ऱ्हातो.”

शकूला आठ महिने ते सहाही जण एकच सांगत होते, इंजिन बंद पडलं, वाऱ्यानं किनाऱ्याला आणलं. सगळ्यांनी मिळून तांडेलाला झाकलं होतं. आणि ती मात्र वाऱ्याला शिव्या घालत बसली होती.

त्याच्या थोबाडीत द्यावी, असं तिला वाटलं. हात उचललाही होता. पण तारांखालचं त्याचं डोकं किती लहान झालं होतं!

हिना घाबरली. “काकी, दुसरा गेम लावू? गाडीचा आहे, फुलाचा आहे.”

“नको. हाच ऱ्हाऊ दे.” शकूने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. “माफ न्हाय केलं मी तुमाला. ते नंतर बघू. पन आयकून घ्या, मी बसते पोराजवळ. आई हाय मी त्याची. तुमी न्या होडी.”

गोपीनाथचा जबडा थरथरला, मग सैल पडला. होडी सरकली. थांबली. पुन्हा सरकली, आणि जातच राहिली. तो आवाज न करता रडत होता.

शकूनं होडीकडे पाहिलंच नाही. ती मागं उरलेल्या पाण्याकडे बघत राहिली.