वर बघा, नायकसाहेब

आमच्या यांना, म्हणजे निवृत्त नायक दत्तात्रय यांना, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. घोटाळा होतो तो नजर वर नेली की. लडाखच्या थंडीत बंद पडलेला ट्रक चालू करताना बॅटरी फुटली, तेजाब उजव्या डोळ्यात उडालं, आणि जखम भरताना खालची पापणी आतून डोळ्यालाच चिकटली. ऑपरेशन करून सोडवली, तर पुन्हा चिकटली. आता वर बघितलं की डावा डोळा जातो वर, उजव्याला पापणी धरून ठेवते, आणि एकाचे दोन दिसतात.

बुऱ्हाणपूरच्या आसपास हाताला काम म्हणजे केळीची बाग. घड काय जमिनीवर लागतो? यांनी कोयता मारला तो नसलेल्या घडावर, आणि खाली खांदा देऊन उभ्या असलेल्या निंबा नावाच्या मजुराचा कान थोडक्यात वाचला. तेव्हापासून यांना बागेत कुणी बोलवत नाही. पंधरा ऑगस्टला मात्र आठवणीनं बोलावतात, झेंड्याजवळ उभं करायला. तेही काळा चष्मा लावून, कारण डोळा बघून म्हणे पोरं घाबरतात. देशासाठी गेलेला डोळा, पण फोटोत नको!

साध्या पेन्शनीत घर चालतं, लेकीचं, पल्लवीचं, नर्सिंगचं शिक्षण चालत नाही. त्यासाठी अपंगत्वाची पेन्शन हवी. पण निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डापुढे हे गेले ते परेडला गेल्यासारखे. छाती पुढे, नजर समोर. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचला. "कोई तकलीफ?" "नो सर!" झालं! साहेबांनीही वर बघ म्हणायची तसदी घेतली नाही. अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली, पेन्शन नाही.

अपील केलं आणि पुन्हा बोर्डाचं बोलावणं आलं, तसा देडतलाईचा भूपेंद्र उगवला. फौजेत हा कारकून होता, आता माजी सैनिकांना आंधळं-बहिरं व्हायला शिकवतो आणि वर फी घेतो.

"वहिनी, दत्ताभाऊंना सांगून ठेवा, तक्ता वाचूच नका. भिंतीला ठेचकाळत आत जा. मी कितीतरी लोकांचं काम करून दिलं."

"तुमचा स्वतःचा कान किती टक्के बहिरा?" मी विचारलं. चहा अर्धा टाकून गेला बिचारा.

खोटं बोलायची गरजच काय होती? वर बघायचं आणि दिसतं ते सांगायचं, एवढंच. मी घरी तालीम सुरू केली. मी गच्चीवर, हे अंगणात.

"किती अलका दिसताहेत?"

"दोन."

"मग? एक कमी पडत होती काय?"

"एकच भारी पडू राहिली," हे म्हणाले. पल्लवी हसून हसून लोळली. मला वाटलं, जमलं.

बोर्डावर या खेपेला एक मॅडम होत्या. बाई शहाणी निघाली. मला आत बसू दिलं, पापणी खाली ओढून नीट बघितली, यांना खुर्चीत बसवलं आणि हात उंच करून दोन बोटं धरली.

"सिर मत हिलाइए। ऊपर देखिए। कितनी दिख रही हैं?"

ह्यांनी वर बघितलं. पापणी ताणली, डोळ्यातून पाणी आलं.

"दो, मॅडम."

"अहो, दिसतात किती ते सांगा ना!" मी ओरडले.

"आप बीच में मत बोलिए," मॅडम म्हणाल्या. मग यांना पुन्हा, अगदी सावकाश विचारलं, "पक्का?"

"पक्का, मॅडम। दो ही हैं।"

मॅडमनी क्षणभर यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि कागदावर लिहिलं, दोन. दुसरं काय लिहिणार?

बाहेर आल्याबरोबर मी यांना धरलं. "खरं सांगा, किती दिसत होती?"

"चार."

"मग दोन कशाला म्हणालात?"

"बोटं दोनच होती ना, अलका. अफसरसमोर चुकीचा आकडा कसा सांगू?"

"अहो, त्यांनी दिसतं काय ते विचारलं होतं! आहे काय ते कुणी विचारलं?"

हे गोंधळले. "शत्रूच्या चौकीवर दोन माणसं असली तर दोनच सांगावी लागतात. चार सांगितली, खबर चुकली, तर आपलीच पोरं मरतात."

मी तिथेच इस्पितळाच्या पायरीवर बसले आणि रडले. एरवी माझ्या तोंडी शिव्यांची कमी नाही, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्या दिवशी एकही सापडेना.